आधी हे घ्या, मग ते बघू: महागड्या घड्याळांचं लिंकिंग

दर जानेवारीत हे ठरलेलंच आहे. नवीन वर्ष लागतं, रोलेक्सची नवी प्राइस लिस्ट येते आणि घड्याळवेड्या मंडळींच्या ग्रुपवर रडारड सुरू होते, की आता बास झालं, हे लोक डोक्यावर बसलेत, आता आपण जपानी घेणार वगैरे. फेब्रुवारी उजाडेपर्यंत सगळं शांत होतं आणि त्यातलेच निम्मे लोक परत शोरूमच्या सेल्समनला गुड मॉर्निंगचे मेसेज टाकायला लागतात. मी पण या ग्रुपांमध्ये पडीक असतो त्यामुळे टिंगल करतोय असं समजू नका, पण मला वाटतं आपण चुकीच्या गोष्टीवर रडतोय. किंमत वाढली ही तक्रार दुय्यम आहे. खरी तक्रार ही, की पाटीवरच्या किमतीला ती वस्तू मिळतच नाही, आणि ती मिळवायला वरून जे काही द्यावं लागतं ते कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नसतं.

आधी किमतीचंच बघू, कारण तिथे बरीच अतिशयोक्ती चालते. रोलेक्सची बिनतारखेची सबमरीनर, म्हणजे सगळ्यात साधी, स्टीलची, काळ्या डायलची, सप्टेंबर २०२० मध्ये नवीन आली तेव्हा अमेरिकेत ७,५०० डॉलरला होती. २०२५ मध्ये तीच नऊ हजारांच्या वर होती. ऐकायला भयंकर वाटतं, पण त्याच पाच वर्षांत अमेरिकेतली एकूण महागाईसुद्धा साधारण पंचवीस टक्क्यांनी वाढलीय, म्हणजे स्टीलच्या सबमरीनरने फार काही दरोडा घातलेला नाही. हां, लांबचं बघितलं तर चित्र वेगळं दिसतं. १९५७ च्या सुमारास हेच घड्याळ दीडशे डॉलरच्या आसपास मिळायचं, आजच्या पैशात ते धरा सतराशे-अठराशे डॉलर, आणि तेव्हा ते समुद्रात बुड्या मारणाऱ्यांचं कामाचं अवजार होतं. आज ते घालून कोणी पाण्यात उतरलं तर बायको ओरडते. अवजाराचं दागिन्यात रूपांतर झालं आणि दागिन्याची किंमत लागली, यात फसवणूक वगैरे काही नाही, ज्याला परवडत नाही त्याने घेऊ नये.

सोन्याच्या घड्याळांचं तर बोलायलाच नको. २०२४ च्या सुरुवातीला सोनं औंसाला दोन हजार डॉलरच्या थोडं वर होतं, ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याने चार हजार ओलांडले, आणि आपल्याकडे ज्यांच्या घरात गेल्या दोन वर्षांत लग्न झालंय त्यांना हे कोणी समजावून सांगायची गरज नाही. त्यात स्विस फ्रँक कायम वधारलेला. आणि त्यात भर म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्पसाहेबांनी स्वित्झर्लंडच्या मालावर ३९ टक्के टॅरिफ लावला. मग नोव्हेंबरमध्ये स्विस उद्योगपतींचं एक शिष्टमंडळ व्हाइट हाउसमध्ये गेलं, त्यात रोलेक्सचे प्रमुख पण होते, जाताना रोलेक्सचं टेबलावर ठेवायचं घड्याळ भेट म्हणून घेऊन गेले, आणि थोड्याच दिवसांत टॅरिफ १५ टक्क्यांवर आणायचं ठरलं. त्याआधी सप्टेंबरमध्ये यूएस ओपनच्या फायनलला ट्रम्प रोलेक्सचेच पाहुणे होते. मला ही बातमी वाचून प्रचंड मजा आली. जी कंपनी गिऱ्हाइकाला म्हणते की आधी आमच्याशी रिलेशनशिप बनवा, तिलाच शेवटी दुसऱ्याच्या दारात जाऊन रिलेशनशिप बनवायला लागली.

पण या सगळ्याच्या मागे एक मोठं गणित आहे आणि ते समजलं की गिऱ्हाइकाशी वागणं असं का झालं ते कळतं. २०११ मध्ये स्वित्झर्लंडने जवळपास तीन कोटी घड्याळं निर्यात केली आणि त्यातून १९ अब्ज फ्रँकच्या आसपास कमावले. २०२४ मध्ये निर्यात झाली फक्त दीड कोटीच्या थोडी वर, आणि पैसे आले २६ अब्ज. म्हणजे निम्मी घड्याळं विकून सव्वापट-दीडपट पैसे. खालचा सगळा माल ॲपल वॉच आणि मोबाइलने खाल्ला, राहिला तो वरचा. हा धंदा आता जास्त लोकांना घड्याळ विकायचा राहिलेलाच नाही, मोजक्या लोकांना महाग विकायचा झालाय, आणि मोजकेच लोक पाहिजेत म्हटलं की निवड आली, आणि निवड आली की काउंटरच्या पलीकडचा माणूस गिऱ्हाईक न राहता उमेदवार होतो.

एकेकाळी उलट होतं, हे सांगायला हवं. वेस्ट एंड वॉच कंपनी १८८६ मध्ये चक्क मुंबईत सुरू झाली, स्विस लोकांनीच काढलेली, कारण इथे गिऱ्हाईक होतं, रेल्वेवाले, फौजी, कारकून. फाव्र ल्यूबा त्याच्याही आधीपासून हिंदुस्थानात माल आणत होती, तिचं सी किंग आपल्या आजोबांच्या पिढीत किती मनगटांवर होतं ते जुने लग्नाचे फोटो काढून बघा. ही मंडळी समुद्र ओलांडून गिऱ्हाइकाकडे येत होती. आता गिऱ्हाइकाने एसी शोरूममध्ये जाऊन स्वतःची लायकी सिद्ध करायची.

ते कसं चालतं हे मी एकदा अगदी जवळून बघितलंय. माझा आतेभाऊ नाशिकला डॉक्टर आहे, पन्नाशीला स्वतःसाठी एक चांगलं घड्याळ घ्यायचं त्याच्या मनात कित्येक वर्षं होतं, पैसे बाजूला काढून ठेवले होते, चेकने देणार, पॅनकार्ड खिशात. मुंबईतल्या एका मोठ्या शोरूममध्ये तो, वहिनी आणि मी गेलो. ब्रँडचं आणि दुकानाचं नाव सांगत नाही, त्याने फरक पण पडत नाही कारण सगळीकडे हेच संवाद आहेत. दारावर सिक्युरिटी, आत गार हवा, चहा-कॉफी-पाणी विचारून झालं. काचेच्या आत हवं ते घड्याळ दिसत होतं, अगदी समोर, आणि त्याच्या बाजूला इवलीशी पाटी, की हा पीस फक्त प्रदर्शनासाठी आहे.

"हे विकायला नाहीये?"

"नाही सर, हे डिस्प्लेचं आहे."

"मग विकायचं कधी येईल?"

"तसं सांगता येत नाही सर. तुमचा इंटरेस्ट रजिस्टर करून घेतो."

"म्हणजे माझा नंबर लागला ना?"

"नंबर असा नसतो सर."

हे वाक्य तो मुलगा इतक्या गोड आवाजात बोलला की भाऊ दोन मिनिटं गप्पच झाला. मग टॅबवर माहिती भरणं सुरू झालं. व्यवसाय काय, राहायला कुठे, सध्या कोणती घड्याळं आहेत, कोणासाठी पाहिजे, काही खास प्रसंग आहे का. वहिनी हळूच मला म्हणाली, पत्रिका मागायची तेवढी राहिलीय. आणि हे सगळं भरून झाल्यावर खरा मुद्दा आला, की सर तुमची आमच्याकडे हिस्टरी काहीच नाहीये ना, तर जरा प्रोफाइल बनवावी लागेल, मॅडमसाठी काही बघू या का? आणि ट्रेमध्ये दुसऱ्याच ब्रँडचं हिरे जडवलेलं लेडीज घड्याळ आलं, किंमत भावाला हव्या असलेल्या घड्याळाच्या जवळपास तेवढीच. वहिनी घड्याळच घालत नाही, तिला मनगटाला काही टोचलेलं आवडत नाही, तसं तिने सांगितलं पण, तर तो म्हणाला मॅडम गुंतवणूक म्हणून बघा. ज्याची किंमत शोरूमच्या पायरीवरून उतरल्या उतरल्या कमी होणार हे त्यालाही माहीत होतं.

त्याने एकदाही असं म्हटलं नाही की हे घ्या तर ते देतो. ते कोणीच म्हणत नाही. तीच तर खुबी आहे.

खेड्यातल्या माणसाला ही गोष्ट सांगितली तर तो हसेल, कारण त्याला ही पद्धत चांगली ठाऊक आहे आणि तिला नाव पण आहे, लिंकिंग. खरिपात युरियाची टंचाई असते, ४५ किलोच्या गोणीची छापील किंमत २६६ रुपये ५० पैसे, आणि कृषी केंद्रवाला म्हणतो नुसता युरिया नाही मिळणार, सोबत हे सूक्ष्म अन्नद्रव्याचं पाकीट घ्या, नाहीतर ही नॅनो खताची बाटली घ्या. नको असलेला माल हव्या असलेल्या मालाच्या गळ्यात बांधायचा. त्यावर दर हंगामात पेपरात बातम्या येतात, शेतकरी संघटना आंदोलनं करतात, कृषिमंत्री कारवाईचा इशारा देतात, कधी कधी परवाने पण निलंबित होतात. म्हणजे तिथे निदान सगळ्यांना मान्य तरी आहे की हे चुकीचं आहे. आणि तेच बारा-पंधरा लाखांच्या घड्याळाबाबत केलं की त्याला क्लायंट जर्नी म्हणायचं? शेतकऱ्याचं पोट त्यावर आहे आणि डॉक्टरचं नाही, हा फरक मोठाच आहे आणि मी दोन्ही दुःखं एका मापाने मोजत नाहीये, पण दुकानदाराची चाल तीच आहे, अक्षरशः तीच.

आणि कायद्यातही ती तशीच लिहिलीय. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा काढून बघा, कलम २ चं ४१ वं उपकलम. एक वस्तू घ्यायची अट म्हणून दुसरी वस्तू किंवा सेवा घ्यायला लावणं ही निर्बंधक व्यापार प्रथा, असं त्यात सरळ म्हटलंय. त्यात वस्तू जीवनावश्यक पाहिजे असं कुठेही नाही, दुकानदाराची बाजारात मक्तेदारी पाहिजे असं पण नाही. अमेरिकेत हेच प्रकरण हँडबॅगबाबत झालं होतं, हर्मेस कंपनीची बर्किन बॅग पाहिजे असेल तर आधी स्कार्फ, बूट, दागिने घेऊन हिस्टरी बनवावी लागते म्हणून मार्च २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात गिऱ्हाइकांनी खटला टाकला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कोर्टाने तो कायमचा फेटाळला. तिथे स्पर्धा कायद्याखाली कंपनीची बाजारावरची पकड दाखवावी लागते, ती त्यांना नीट मांडता आली नाही. आपल्या ग्राहक कायद्याची भाषा वेगळी आहे, जास्त साधी आहे. अडचण पुराव्याची आहे, कारण प्रोफाइल बनवा हे सगळं तोंडी चालतं, मेसेजवर फक्त हॅपी दिवाळी सर.

यावर ब्रँडवाल्यांचं आणि त्यांच्या भक्तांचं ठरलेलं उत्तर असतं, की अहो मागणीच इतकी आहे, माल मुद्दाम अडवून ठेवत नाही, घाईने बनवता येत नाही. २०२१ मध्ये रोलेक्सने जाहीरपणे हेच सांगितलं होतं की टंचाई ही आमची खेळी नाही. समजा खरं मानू. वर्षाला दहा लाखांच्या वर घड्याळं बनतात असा जाणकारांचा अंदाज आहे, ब्युल नावाच्या गावात नवा कारखाना उभा राहतोय तो २०२९ मध्ये सुरू होणार म्हणतात. ठीक. टंचाई खरी आहे असं धरलं तरी टंचाईत माल कसा वाटायचा हा प्रश्न उरतोच, आणि तो वाटायची एक प्रामाणिक पद्धत असते ती म्हणजे रांग. नंबर असलेली रांग. आपल्या वडिलांनी बजाजच्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षं वाट बघितली, त्या काळात बुकिंगची पावती मिळायची, तिच्यावर नंबर असायचा, कधी कधी ती पावतीच जास्त भावाने विकली जायची, ब्लॅक होता, वशिला होता, सगळं होतं. पण नंबर असा नसतो सर असं तेव्हाच्या लायसन्स राजमध्येही कोणी तोंडावर म्हणत नव्हतं.

दुसरं उत्तर असतं फ्लिपर लोकांबद्दलचं, म्हणजे घड्याळ घेऊन लगेच चढ्या भावाने विकणाऱ्यांबद्दलचं. की नंबराने दिलं तर सगळी घड्याळं दलाल घेऊन जातील आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट भावाने विकतील, म्हणून आम्ही माणूस बघून देतो. यात तथ्य आहे, २०२१-२२ मध्ये काय वेडेपणा चालला होता ते सगळ्यांनी बघितलंय. पाटेक फिलिप या दुसऱ्या स्विस कंपनीने नॉटिलस ५७११ हे मॉडेल बंद करतोय म्हटल्यावर तिच्या किमती लिस्टच्या कित्येक पट गेल्या, डिसेंबर २०२१ मध्ये टिफनी या दागिन्यांच्या कंपनीच्या खास निळ्या रंगाच्या डायलचा एक पीस न्यूयॉर्कच्या लिलावात ६५ लाख डॉलरला गेला. ओमेगा आणि स्वॉचने मिळून मार्च २०२२ मध्ये मूनस्वॉच काढलं, अडीचशे-पावणेतीनशे डॉलरचं प्लास्टिकसारखं घड्याळ, त्यासाठी सुद्धा शहराशहरांत दुकानांबाहेर झुंबड उडाली आणि संध्याकाळी ती घड्याळं ऑनलाइन कितीतरी जास्त भावात दिसायला लागली. मग २०२२ च्या मध्यापासून बाजार बसला आणि इन्व्हेस्टमेंट म्हणून घेतलेल्या बऱ्याच लोकांचे चेहरे बघण्यासारखे झाले, ते असो.

पण फ्लिपर थांबवायला माणसाची पत्रिका बघायची गरज नाही, नियम पुरतो. आणि हे मी हवेत बोलत नाहीये. जपानमध्ये रोलेक्सने स्वतःच २०१९ मध्ये नियम केला, की ठराविक लोकप्रिय मॉडेलांपैकी एक घेतलंत तर तसलं दुसरं एक वर्ष मिळणार नाही आणि तेच मॉडेल परत पाच वर्षं मिळणार नाही, घेताना फोटो असलेलं ओळखपत्र दाखवायचं. बस. लेखी नियम, सगळ्यांना सारखा. तिथेही माल कमीच आहे, तिथेही लोक एका दुकानातून दुसऱ्या दुकानात रोज चकरा मारतात आणि त्याला चक्क रोलेक्स मॅरेथॉन म्हणतात, पण पायपीट करणाऱ्या कोणालाही, अगदी साध्या पगारदार माणसालाही, एखाद्या दिवशी नशिबाने घड्याळ मिळू शकतं. म्हणजे ब्रँडला येतं करता. इथे करायचं नाहीये.

का करायचं नाहीये, तर या धुक्यात सगळ्यांचा फायदा आहे. डीलरचा पडून राहिलेला माल खपतो. ब्रँडची पाटीवरची किंमत सभ्य दिसते. सेल्समनच्या हातात सत्ता येते, आणि सत्ता आली की तिचा बाजार पण आपोआप भरतो, मागच्या दाराने कुठला पीस कोणाकडे गेला हे कोण विचारणार. आणि सगळ्यात कडी म्हणजे डिसेंबर २०२२ पासून रोलेक्सने स्वतःचा सेकंड हँड कार्यक्रम काढला, जुनं घड्याळ कंपनी तपासून सर्टिफिकेट देते आणि अधिकृत डीलरच ते विकतात. आता युरोप-अमेरिकेत असं दृश्य दिसतं की एकाच दुकानात, एका काउंटरवर नवीन घड्याळ लिस्ट प्राइसला आहे पण मिळत नाही, आणि दुसऱ्या काउंटरवर तेच वापरलेलं लिस्ट प्राइसपेक्षा जास्त किमतीला आहे आणि लगेच मिळतं. मग खरी किंमत कुठली? माझं म्हणणं एवढंच आहे की ती दुसरी किंमत खरी आहे आणि पहिली नुसती शोभेची, त्या डिस्प्लेच्या पीससारखीच. त्यापेक्षा सरळ किंमत वाढवा. खरंच सांगतोय. पंधराचं वीस लाख करा, शिव्या खा, पण पैसे घेऊन आलेल्या माणसाला वस्तू द्या आणि बिल द्या.

ऑनलाइन का विकत नाहीत, याचं उत्तरही यातच आहे. वेबसाइटला तुमचे बूट दिसत नाहीत. फ्रान्सच्या स्पर्धा आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये रोलेक्स फ्रान्सला ९ कोटी १६ लाख युरोचा दंड ठोकला तो याच कारणाने, की दहा वर्षांहून जास्त काळ डीलर लोकांना ऑनलाइन विक्रीची बंदी घातली होती. कंपनीचा बचाव होता नकली माल आणि समांतर बाजार रोखण्याचा, आयोगाला तो पटला नाही, एवढी कडक बंदी न घालताही ते जमतं असं त्यांचं म्हणणं पडलं. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये रोलेक्सने बुखरर ही दुकानांची मोठी साखळीच विकत घ्यायचं जाहीर केलं, म्हणजे आता बनवणारा तोच आणि विकणारा पण तोच. गंमत म्हणजे या कंपनीला बाहेरचे शेअरहोल्डर नाहीत. हान्स विल्सडॉर्फ या संस्थापकाच्या नावाच्या प्रतिष्ठानची ती मालकी, तिमाहीचे आकडे दाखवायचं कोणाचं दडपण नाही. जगात कुठल्या कंपनीला गिऱ्हाइकाशी सरळ वागणं परवडण्यासारखं असेल तर ती ही.

आता आपली पण थोडी हजेरी घ्यायला हवी. सेल्समनच्या वाढदिवसाला केक पाठवणारे, दिवाळीला काजूकतलीचे बॉक्स नेऊन देणारे, नको असलेली दोन घड्याळं घेऊन तिसऱ्याचा फोन आला की अलोकेशन मिळालं म्हणून पेढे वाटणारे आपणच आहोत. पैसे आपले, आणि मिळालं म्हणून कृतज्ञता पण आपली. ज्याला मिळालं तो लगेच पद्धतीचा समर्थक होतो, म्हणतो अरे तुम्ही नीट बोलत नाही, नम्रपणे वागायचं, वेळ द्यायचा. म्हणजे आपण व्हीआयपी दर्शनाच्या रांगेतून आलोय हे सोयीस्करपणे विसरून बाकीच्यांना संयम शिकवायचा.

कोणी म्हणेल, श्रीमंतांचे चोचले आहेत, यात सार्वजनिक प्रश्न कुठला. मला हा आक्षेप महत्त्वाचा वाटतो पण पटत नाही, कारण ही सवय वरच थांबत नाही. एसयूव्ही बुक करून बघा. गाडीला वेटिंग आहे म्हटलं की डीलर सांगतो इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्या, चाळीस-पन्नास हजारांच्या ॲक्सेसरीज घ्या, मग बघू लवकर काही करता येतं का. इन्शुरन्स कुठून घ्यायचा हे ठरवायचा हक्क गिऱ्हाइकाचा आहे, तरी निम्मे लोक मुकाट्याने भरतात, कारण गाडी दसऱ्याला दारात पाहिजे. युरियाच्या गोणीपासून सबमरीनरपर्यंत मधल्या सगळ्या पायऱ्यांवर हेच चाललंय, वर त्याला नुसता सुवास मारलेला असतो.

आणि घड्याळ एकदाचं हातात आल्यावर संपत नाही. डोंबिवलीत स्टेशनजवळ एक घड्याळजी बसतात, तीन फूट रुंदीची टपरी, डोळ्याला भिंग, समोर झाकणं लावलेल्या डब्या, त्यात एचएमटीचे बॅलन्स, किल्ल्या, काटे, मेनस्प्रिंग. एचएमटीचा कारखाना बंद पडून इतकी वर्षं झाली पण जनता मॉडेल त्यांच्याकडे अजून अर्ध्या तासात चालू होऊन मिळतं. त्यांना मी विचारलं होतं की स्विस मोठी घड्याळं घेता का रिपेअरला. म्हणाले, "हात आहे हो, पार्ट नाहीत. कंपनी देत नाही." त्यांना जे समजतं ते खरं आहे. ओमेगा, स्वॉच वगैरे ब्रँड ज्याचे त्या स्वॉच ग्रुपने २०१५ नंतर बाहेरच्या होलसेलरना स्पेअर पार्ट देणं थांबवलं. स्विस कंपन्या पार्ट देत नाहीत म्हणून युरोपातले स्वतंत्र कारागीर त्याच्या बरंच आधी युरोपियन कमिशनपर्यंत गेले होते, पण २०१४ मध्ये कमिशनने तक्रार फेटाळली आणि २०१७ मध्ये तिथल्या कोर्टानेही तोच निर्णय उचलून धरला. म्हणजे लाखो रुपयांची वस्तू तुमची, पण तिचं झाकण कोण उघडणार ते कंपनी ठरवणार, आणि सर्व्हिस सेंटरने सांगितलं की काटे बदलावे लागतील, डायल बदलावी लागेल, तर बदलायचे, नाहीतर जुनी डायल आजोबांची आठवण आहे वगैरे सांगत बसायचं आणि वर लेखी लिहून द्यायचं. पाटेक फिलिप वर्षानुवर्षं जाहिरातीत सांगते की हे घड्याळ तुमच्या मालकीचं नसतंच, तुम्ही फक्त पुढच्या पिढीसाठी सांभाळता. भावनिक म्हणून लिहिलेली ओळ आहे ती, पण जरा जास्तच खरी निघाली.

आपल्याकडे हा विषय आत्ताच काढायचं एक कारण आहे. भारत आणि स्वित्झर्लंडसह चार देशांच्या एफ्टा गटाचा व्यापार करार मार्च २०२४ मध्ये झाला आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. त्यात स्विस घड्याळांवरची कस्टम ड्युटी, जी मुळात २० टक्के होती, ती सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर येणार आहे. म्हणजे सरकार आपलं उत्पन्न सोडतंय, ते गिऱ्हाइकाला स्वस्त मिळावं म्हणून. ती कपात पाटीवर दिसेल का, की दर जानेवारीच्या नव्या लिस्टमध्ये शांतपणे जिरून जाईल? आणि पाटीवर दिसली तरी, वस्तूच मिळणार नसेल तर त्या कपातीचा फायदा कोणाला, ज्याची हिस्टरी आहे त्यालाच. सरकारने दहा लाखांच्या वरच्या घड्याळावर एप्रिल २०२५ पासून एक टक्का टीसीएस, म्हणजे विकतानाच दुकानदाराने वसूल करून सरकारकडे भरायचा कर, लावलाय, त्यामुळे कोण घेतोय याची नोंद आता सरकारकडे जातेच. मग कोणाला नाही दिलं आणि का नाही दिलं याची साधी नोंद दुकानात ठेवायला सांगणं काय अवघड आहे. करारात सवलत मागताना स्विस लोक हजर होते, तर सवलतीसोबत दोन अटी आपणही घालू शकतो: नंबर असलेली, तारखेची लेखी वेटिंग लिस्ट, आणि स्वतंत्र कारागिरांना पार्ट.

तोपर्यंत भावाला मी एवढंच सांगितलंय की पुढच्या वेळी प्रोफाइल बनवा म्हणाले की शांतपणे म्हणायचं, हे मला ईमेलवर लिहून द्या. दिलं तर पुरावा झाला. नाही दिलं तर गेल्याची तारीख, वेळ, कोणाशी बोलणं झालं आणि सोबत काय घ्यायला सांगितलं ते त्याच दिवशी आपणच त्यांना ईमेल करायचं, म्हणजे निदान नोंद राहते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, फोन फुकट लागतो. तिथे मोबाइल, फ्रिज, विमान कंपन्या, कुरिअर सगळ्यांच्या तक्रारी जातात. लिंकिंग केलं म्हणून घड्याळाच्या शोरूमची तक्रार गेल्याचं निदान आमच्या ग्रुपवर तरी अजून कोणी सांगितलेलं नाही. भाऊ म्हणतोय की तक्रार केली तर घड्याळ कायमचं विसरायला लागेल. वहिनी म्हणतेय, तसंही कुठे मिळतंय, कर.